न खेळण्याचा पगार

मोघेकाका माझ्याशी पहिलं वाक्य बोलले, तो एक प्रश्न होता. सॅक्रमेंटोतल्या आमच्या मराठी मंडळींची, म्हणजे तेव्हा मोजून अठरा घरांची, बागेत सहल होती. कॅरमची स्पर्धा लागली होती आणि गावात नुकताच आलेला मी नाव नोंदवायला गेलो. कागद-पेन घेऊन बसलेल्या गृहस्थांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "बरोबरी झाली तर कुणाचं, ते वाचलंस का?" एवढंच विचारलं. टेबलाला नियमांचा कागद चिकटवलेला होता. त्यात सातवा नियम असा की गुण समान झाले तर ज्याने ब्रेक केला नसेल तो जिंकला. मी तो वाचला नव्हता. पुढे उपांत्य फेरीत मी नेमका त्याच नियमाने हरलो, आणि मोघेकाका इतके खूश झाले की त्यांनी मला सहकुटुंब जेवायला बोलावलं.

काका मूळचे मिरजेचे. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही अंगात तपकिरी स्वेटर, आणि शर्टाच्या खिशात एक छोटं भिंग. विमा कंपनीत ते कोष्टकं मांडायचे. कुठल्या वयाचा माणूस सरासरी अजून किती वर्षं काढेल, याची कोष्टकं. त्यामुळे नवीन माणसाची ओळख झाली की ते क्षणभर त्याच्याकडे असे बघत, की आपल्याला उगाच छातीवरून हात फिरवावासा वाटे. भिंग होतं ते बारीक अक्षरांसाठी. "मोठ्या अक्षरात लिहितात ते तुला हवं असतं, आणि बारीक अक्षरात लिहितात ते त्यांना," असं ते म्हणत. माझ्या अपार्टमेंटचा करार त्यांनी चाळीस मिनिटं वाचला. मॅनेजर बाई घड्याळ बघत उभी. शेवटी काकांनी तिला विचारलं, "गालिचा कुणामुळे खराब झाला हेच ठरलं नाही, तर पैसे कुणी द्यायचे?" करारात ते कुठंच नव्हतं. बाईने हसत हसत हाताने एक ओळ लिहून दिली. दोन वर्षांनी त्या एका ओळीने माझे दीडशे डॉलर वाचवले.

ही खोड त्यांच्या घरातही चाले. कमलकाकू सांगायच्या, "बघायला आले तेव्हा मला म्हणाले, आपलं दोघांचं मत सारख्याच वजनाचं धरू. पण मग भांडणात बरोबरी झाली तर? मी म्हटलं, माझं. त्यावर अर्धा मिनिट विचार करून म्हणाले, ठीक आहे, चालेल." काका यावर मान डोलवायचे. "नियम वाईट होता रे, पण आधी सांगितला होता. आधी सांगितलेला वाईट नियमसुद्धा चालतो मला."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. त्या काळी भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना दाखवायच्या गोष्टी ठरलेल्या असत: गोल्डन गेटचा पूल, डिस्नेलँड, लेक टाहो, आणि टाहोपर्यंत गेलोच आहोत तर पलीकडचं रेनो. नऊवारीतल्या आज्या आणि गांधी टोपीतले आजोबा जुगाराच्या दिव्यांखाली उभे करून फोटो काढायचे आणि ते सांगली-साताऱ्याला पाठवायचे. नोकरीमुळे मुलांना सवड नसे. म्हणून हे रेनो दाखवण्याचं काम मोघेकाकांनी स्वतःकडे घेतलं होतं. गाडी त्यांची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कमलकाकूंची. काका निदान तीस वेळा तरी रेनोला जाऊन आले होते, आणि तीस खेपांत त्यांनी एक नाणंही लावलं नव्हतं.

ते नुसते हिंडायचे. कुठल्याही देवळात गेल्यावर आपण आधी कळस बघतो, तसे काका आधी टेबलावरची पाटी शोधत. ब्लॅकजॅक म्हणजे आपला एकवीसचा खेळ, पत्ते वाटणाऱ्या डीलरविरुद्ध. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकं चांगलं, आणि एकवीस ओलांडलं की मेलात. "दोघंही मेले तर?" असं काका बरोबरच्या आजोबांना विचारत आणि उत्तरही स्वतःच देत. "पैसे त्यांचे. कारण पत्ते आधी तुम्ही ओढता, म्हणून तुम्ही आधी मेलात. बास, यांची सगळी कमाई एवढ्यावर. बाकीचे दिवे, काचा, गालिचे, सगळं त्या 'आधी'तून निघालंय." मग एकेका टेबलापुढे थांबून ते कीर्तनकाराच्या तयारीने निरूपण करत. इथे पहिल्या दोन पत्त्यांतच सरळ एकवीस आलं तर दीडपट देतात, हे बरं. तिथे डीलर एक्का धरून सतरा झाले तरी आणखी पत्ता ओढतो, म्हणजे तुमचा आणखी एक पंचमांश टक्का गेला. आणि किमान डाव दोन डॉलर अशी पाटी लावलेलं टेबल दिसलं की ते हमखास आवाज खाली आणत. "हे सगळ्यात महाग टेबल. गरिबाला बसायला मिळतं म्हणून तो नियम विचारत नाही."

एकदा याच निरूपणाने त्यांना अडचणीत आणलं. कुलकर्णींच्या आईंच्या मागे उभं राहून काका त्यांच्या कानात आकडे सांगत होते. आई खेळत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. पण वर कॅमेऱ्यातून बघणाऱ्यांना वाटलं, हा माणूस दर महिन्याला वेगवेगळ्या म्हाताऱ्या घेऊन येतो आणि त्यांना परक्या भाषेत खुणा देतो, तेव्हा ही पत्ते मोजणाऱ्यांची टोळी असणार. सुटातला एक मॅनेजर येऊन काकांना बाजूला घेऊन गेला. "तुम्ही इथे किती जिंकलात?" "काही नाही." "किती हरलात?" "काही नाही." "मग येता कशाला?" काका म्हणाले, "तुम्ही कसे जिंकता ते बघायला." मॅनेजरने जेवणाची दोन कूपनं दिली. कुलकर्णींच्या आईंचा उपास होता, त्यामुळे दोन्ही कूपनं काकांनीच संपवली, आणि ही हकिकत पुढे प्रत्येक गणपतीत आम्हाला ऐकवली.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये माझे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. एस.टी.त सातारा डेपोला कंट्रोलर म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागायची हे ज्यांच्या शिट्टीवर ठरायचं, त्यांना इथे भाजी आणायलासुद्धा माझी वाट बघत बसावं लागे. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. सरकार तेव्हा परदेशी जाणाऱ्याला मोजकेच डॉलर द्यायचं. त्यातले आबांपाशी उरले होते आठ. ते त्यांनी धोतराच्या घडीत जपून ठेवले होते.

जूनमध्ये माझ्या मुलीचा, रेणूचा, पाचवा वाढदिवस झाला. औक्षण झालं, सगळ्यांनी तिच्या हातावर काही ना काही ठेवलं. आबा पाटाजवळ उभे राहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूला झाले. मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि वीसची नोट पुढे केली. म्हटलं, "तुमच्या हाताने द्या तिला." आबांनी नोटेकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझेच पैसे तुझ्याच पोरीला मी देऊ? मग मी कोण, पोस्टमन?" मला हसू आलं आणि मग लगेच वाईटही वाटलं. नातीच्या हातावर स्वतःचं काहीतरी ठेवल्याशिवाय परत जायचं नाही, एवढं त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं. परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. आणि प्रवासी म्हणून आलेल्या माणसाला या देशात एक डॉलरही कमवायची परवानगी नव्हती.

दोन आठवड्यांनी मोघेकाका त्यांना रीतीप्रमाणे रेनोला घेऊन गेले. तिथे नेमकं एक नवीन टेबल लागलं होतं. एरवी डीलर आपला एक पत्ता झाकून ठेवतो. या टेबलावर डीलरचे दोन्ही पत्ते उघडे. काका पाटी वाचायला दुसऱ्या बाजूला गेले तेवढ्यात आबा खुर्चीवर बसलेसुद्धा. त्यांचा हिशोब सरळ होता. समोरच्याचे पत्ते दिसतायत, म्हणजे हा माणूस प्रामाणिक आहे आणि थोडा वेडाही आहे. त्या दिवशी आबा बावीस डॉलर घेऊन उठले. आठाचे बावीस. परतताना गाडीत आबा घाटभर शीळ घालत होते.

सॅक्रमेंटोच्या एका मॉलच्या पार्किंगमधून दर मंगळवारी म्हाताऱ्या लोकांसाठी रेनोची बस सुटायची. आबांनी हे कुठून शोधून काढलं देव जाणे. पण बस म्हटलं की त्यांना वास येत असावा. तिकीट बारा डॉलर. पुढच्या मंगळवारी ते एकटे निघाले. मी ऑफिसात होतो आणि बायकोला त्यांनी "जरा फिरून येतो" असं सांगितलं होतं. संध्याकाळी परत आले. चहा घेतला नाही. रेणू मांडीवर येऊन बसली तर तिला खाली ठेवलं, असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मोघेकाकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पायी दीड मैल चालत ते काकांकडे गेले आणि बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली. आईने केलेली अंगठी होती ती. "मोघे, ही इथे कुठं विकली जाते?"

काकांनी अंगठी हातात घेतली, भिंगातून पाहिली आणि परत त्यांच्या पुढे सरकवली. "विकू हं. त्याआधी मला सांगा, शेवटचा डाव कसा गेला?"

"वीस होते माझे. त्याचेही वीस. मी म्हटलं, चला, निदान आपले आपल्याकडे राहिले. हात पुढे केला, तर त्याने माझी चिप उचलून नेली."

"विचारलं होतंत का आधी?"

"काय?"

"बरोबरी झाली तर कुणाचं?"

हे सगळं मला पुढे कमलकाकूंकडून कळलं. काकूंनी त्या वेळी आत जाऊन नाण्यांऐवजी डावाला लावायला राजम्याचा डबा आणला. शेंगदाणे दिले असते, पण ते दोघंही खेळता खेळता खातील, असं त्यांचं म्हणणं.

मग सलग चार दिवस दुपारी त्या दोघांचा डाव रंगला. काका डीलर, दोन्ही पत्ते उघडे, अगदी रेनोच्या टेबलासारखं. आबांना शंभर राजमे. नियम काकांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावले होते. त्यात लाल पेन्सिलीने: बरोबरी, डीलरची. सरळ एकवीस आलं तरी दीडपट नाही, जेवढ्यास तेवढं. आबा सरळ मनाने खेळत आणि दर डावाला कागदावर एक रेघ मारत. एस.टी.ची सवय, नोंद केल्याशिवाय त्यांना करमत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"अहो मोघे, हा बरोबरीचा नियम तर अकरा-बारा डावांत एकदा सरळ खिशात हात घालतो की माझ्या."

"घालतोच. तुम्ही त्याचे पत्ते बघत असता, तेव्हा."

"मग यावर उपाय?"

"आहे. त्याचे वीस दिसले आणि तुमचेही वीस आले, तर आणखी एक पत्ता मागायचा."

आबांनी डोळे मोठे केले. "विसावर पत्ता? शुद्धीत आहात का? एक्का सोडला तर काहीही आलं तरी मेलोच की."

"पण नाही मागितलात तर नक्कीच मेलात. गणित तेच सांगतं. आणि हे गणित मानून पत्ता मागायची कुणाची छाती होत नाही, म्हणून तर टेबल चालतं. एवढं करूनही, आबासाहेब, एकही चूक न करता खेळलात तरी शंभराला अर्धा-पाऊण डॉलर त्यांचाच. चूक केलीत तर मोजू नका. त्यांना तुमचा पैसा नको असतो हो, वेळ हवा असतो. वेळ दिला की पैसा आपल्या पायांनी चालत जातो."

चौथ्या दिवशी शंभरातले सतरा राजमे उरले. त्या रात्री काकूंनी सगळ्या डब्याचाच रस्सा करून सगळ्यांना वाढला; आबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि मला हायसं वाटलं. पण अंगठी अजून काढलेलीच होती. ती आता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होती. खेळ कळला म्हणून नातीच्या हातावर काय ठेवायचं हा प्रश्न काही सुटला नव्हता.

जेवणं झाल्यावर मोघेकाकांनी विषय काढला. "आबासाहेब, तिथून पैसे आणायचा एकच मार्ग मला माहीत आहे. बसचं तिकीट बारा डॉलर. उतरल्याबरोबर कसिनोवाले प्रत्येकाला क्वार्टरच्या, म्हणजे पाव डॉलरच्या, नाण्यांचा दहा डॉलरचा गुंडाळा देतात आणि जेवणाचं कूपन. बरोबर?"

"बरोबर. मी ते सगळे जुगाराच्या मशिनीत घातले."

"ते घालायचे नाहीत. खिशात ठेवायचे. जेवायचं, नदीकाठी बसायचं, संध्याकाळी बस धरायची. आणि मंगळवारच्या बसला त्यांचा आणखी एक नियम आहे. जो अजिबात खेळला नाही, त्याला परत आल्यावर ड्रायव्हर पाच डॉलरचं पाकीट देतो. साठीवरच्यांनाच आहे, आणि नाव आधी कळवावं लागतं. तुमचं मी कळवतो."

मी तिथेच बसलो होतो. मी इंजिनियर, चार वर्षं या देशात, आणि ज्या धंद्याचं पोट लोकांच्या खेळण्यावर चालतं तो न खेळणाऱ्याला बक्षीस का देईल, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. मोघेकाकांनी नियम सांगितला म्हणजे तो असणारच, अशी आमची श्रद्धा होती. आणि आबांना तर त्यात काही विचित्र वाटलंच नाही. "आमच्याकडे विनाअपघात बक्षीस असतं ना ड्रायव्हरला," ते म्हणाले. "वर्षभर गाडी ठोकली नाही की कमिटी रोख देते. तसंच हे." आणि ते अगदी पटल्यासारखे उठले. पहिल्या तिकिटाचे बारा डॉलर काकांनी उसने दिले. आबांनी अट घातली की जायच्या आधी ते परत घेतले पाहिजेत. काकांनी मान्य केलं. अंगठी परत बोटात गेली.

त्यानंतर नऊ मंगळवार आबा कामावर गेले. त्यांचा शब्दच तो, 'कामावर'. सकाळी दाढी, कोट, डोक्यावर टोपी, काखेत डबा. बस सुटायच्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी ते पार्किंगमध्ये हजर असत. ड्रायव्हर होता डॅरिल नावाचा एक धिप्पाड, काळा, हसरा माणूस. आबांना इंग्रजी यथातथाच, पण दोन बसवाले एकमेकांना समजायला भाषा लागत नाही. आबांनी एकदा मागचं टायर लाथेने तपासून मान हलवली. डॅरिलने बघितलं तर खरंच हवा कमी होती. तेव्हापासून पुढची सीट आबांची. बस घाट चढायला लागली की आबा पुढे वाकून रस्ता बघत, आणि डॅरिल त्यांना विचारल्याशिवाय गियर बदलत नाही, असं ते आम्हाला सांगत. रेनोत ते नदीकाठच्या बाकावर बसून डबा खात. कूपनावर मिळणारं जेवण ते त्याच बाकावर येणाऱ्या एका बेघर म्हाताऱ्याला देत, कारण त्यात कुठलं मांस असेल याचा भरवसा नसे. त्या म्हाताऱ्याने आपल्याला दोन शिव्या शिकवल्या, असंही त्यांनी एकदा सांगितलं, पण शिव्या सांगितल्या नाहीत.

दर मंगळवारी संध्याकाळी मोघेकाका आमच्याकडे चौकशीला येत. "काय आबासाहेब, आज मोह?"

"मोह कसला. शिफ्ट करून आलो." आणि आबा कोटाच्या खिशातून पाच डॉलरचं पाकीट काढून दाखवत. तिकिटाचे बारा गेले, पंधरा आले. दर आठवड्याला तीन डॉलर, निव्वळ. आबा त्याला पगार म्हणत. आयुष्यभर गाड्या चालू ठेवण्याचा पगार घेतला, आता न खेळण्याचा घेतो, असं ते म्हणाले की मोघेकाका टाळी द्यायला हात पुढे करत. तेवढ्यापुरते ते दोघं शाळकरी पोरांसारखे दिसत. मंडळाच्या गणपतीत आबांनी इतर आलेल्या आजोबांना जमवून, डीलर पत्ते उघडे का ठेवतो, यावर वीस मिनिटं भाषण दिलं. काका मागे उभे राहून ऐकत होते. "माझ्यापेक्षा बरं सांगतात," मला म्हणाले. "मला आकडे येतात. त्यांना हरल्याचं येतं."

ऑक्टोबरात आबा निघाले. काकांचे बारा त्यांनी आदल्या दिवशी मोजून परत केले. उरले सत्तावीस. सहा डॉलरची त्यांनी डॅरिलला एक टोपी घेतली. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, आत जायच्या दारापाशी त्यांनी रेणूला दोन्ही हात पुढे करायला सांगितले आणि क्वार्टरच्या नाण्यांचे दोन गुंडाळे आणि वर एक डॉलरची नोट ठेवली. "हा तुझा खाऊ. आजोबांच्या पगारातला."

"इट्स सो हेवी, आजोबा," रेणू म्हणाली. तिने ते पोटाशी धरले.

"असायचाच," आबा म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, म्हणजे डेपोत असताना बघायचे तसं. मग ते वळून गेले. माझे डोळे भरून आले होते. मोघेकाका शेजारी उभे होते, तेही नाक पुसत होते आणि एअर कंडिशनिंगला दोष देत होते.

दीड वर्षाने काका गेले. सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता, खुर्चीतच. त्यांच्याच कोष्टकाप्रमाणे त्यांना अजून एकोणीस वर्षं होती. कमलकाकू म्हणाल्या, "दुसऱ्यांची गणितं कधी चुकली नाहीत त्यांची." आणि मग बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला.

त्याच उन्हाळ्यात माझे सासरे आले. रेनो दाखवायला आता कोण नेणार? मला सुट्टी नव्हती. मी त्यांना मंगळवारच्या बसवर सोडायला गेलो. डॅरिल दारात उभा होता, डोक्यावर आबांनी दिलेली टोपी, कडेने विटलेली. मी ओळख सांगितली आणि म्हटलं, आमचे हे गृहस्थ खेळणार नाहीत, तेव्हा पाच डॉलरच्या पाकिटासाठी यांचंही नाव घे.

"कसलं पाकीट?" डॅरिल म्हणाला.

मी सांगितलं. न खेळणाऱ्या म्हाताऱ्यांना कसिनो देतो ते.

तो आधी हसला. पोट धरून हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "तुला माहीत नव्हतं? अरे, तो स्वेटरवाला उंच माणूस. पहिल्याच आठवड्यात त्याने मला पाकिटांचा गठ्ठा आणून दिला होता. म्हणाला, पुढच्या सीटवाल्याला दर वेळी उतरताना एक दे, आणि कसिनोकडून आहे असं सांग. मी विचारलं, का? तर म्हणाला, या गाडीचे नियम त्याला दोन डॉलरने कमी पडतायत." डॅरिलने टोपी काढून डोकं पुसलं. "त्याला म्हणावं, बरेच दिवसांत आला नाहीस."

मी सांगितलं, तो गेला. डॅरिलने टोपी परत घातली नाही. बस त्या दिवशी दोन मिनिटं उशिरा सुटली.

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. नियम लपवणाऱ्यांचा ज्यांना आयुष्यभर राग होता, त्या मोघेकाकांनी एक नियम स्वतःच तयार केला, आणि तो कुणालाही, अगदी भिंग लावलं तरी, दिसणार नाही असा. आबांना दर मंगळवारी दोन डॉलरचा तोटा होता, त्याचा त्यांनी तीन डॉलरचा पगार केला. मी स्वयंपाकघरात वीसची नोट पुढे करणारा मुलगा. मला हे सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. मला त्यांची इतकी आठवण आली की मी त्या दिवशी ऑफिसला गेलोच नाही.

संध्याकाळी आबांना साताऱ्याला पत्र लिहायला बसलो. काका गेल्याचं त्यांना आधीच कळवलं होतं. या पत्रात सासऱ्यांची खुशाली लिहिली, रेणूला आता दुसरीत घातलंय ते लिहिलं, डॅरिल अजून तीच टोपी घालतो आणि तुमची आठवण काढतो, हेही लिहिलं. पाकिटांबद्दल मी काही लिहिलं नाही.